रिकामं पायडल आणि ईश्वराचं अनुमान

पायडलावर जोर दिला, पाय सणकन खाली गेला, पण सायकल जागची हलली नाही. साध्या सायकलीवर हा बिघाड लपत नाही. मालक उतरतो आणि सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेतो. मोटार बसवलेल्या सायकलीवर मात्र तोच बिघाड आठवडेच्या आठवडे दबून राहू शकतो. चाक फिरवणारं दुसरं कोणीतरी तिथे असतं आणि ते बोभाटा न करता काम करत राहतं. मग एखाद्या दिवशी चढावर बॅटरी उतरते, तेव्हा कळतं की पायडल कधीपासूनच रिकामं फिरत होतं.

मोटारीची सायकल ही काही आजची चीज नव्हे. १९४६ साली हमामात्सु शहरात जपानी लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली छोटी जनित्र-इंजिनं सोइचिरो होंडांनी सायकलींना जोडून विकायला सुरुवात केली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये वेलोसोलेक्स आली. तिचं इंजिन पुढच्या चाकावर एक रोलर टेकवून चाक ढकलायचं. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला १९७२ मध्ये आलेली कायनेटिकची लूना आठवते. पेट्रोल संपलं की पायडल मारत घरी पोचलेले लोक अजून त्याचे किस्से सांगतात. आज तिची जागा विजेच्या सायकलीनं घेतली आहे. मोटार २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, म्हणून नोंदणी नाही की परवाना नाही.

या सगळ्या वाहनांत एकाच सायकलीला दोन ठिकाणांहून जोर मिळतो, एक पायाचा आणि एक यंत्राचा. त्यामुळे तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं घोळवलेला एक प्रश्न इथे पाना-पकड घेऊन तपासता येतो. परिणाम समोर आहे, कारण आत दडलेलं आहे. परिणामावरून कारणाकडे जाणारी वाट कितपत भरवशाची? न्यायशास्त्राची कितीतरी पानं या प्रश्नानं खाल्ली. चार्वाकांनी घाव घातला तोही इथेच. आणि ईश्वर आहे हे तर्कानं सिद्ध करू पाहणाऱ्यांची सगळी भिस्त याच वाटेवर होती.

आधी यंत्र पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक सायकलींना फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडलही फिरे, आणि उतारावर पाय उचलून धरावे लागत. अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडननं एकाच दिशेनं ओढणाऱ्या हबचं पेटंट १८६९ मध्येच घेतलं होतं, पण ती कल्पना रस्त्यावर रुळायला जवळपास तीस वर्षं गेली. रचना सोपी आहे. मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीच्या आतल्या अंगाला तिरके दाते कापलेले असतात. तिच्या पोटात बसणाऱ्या भागावर दोन छोटे पोलादी खटके असतात, तांत्रिक पुस्तकांत त्यांना पॉल म्हणतात, आणि अगदी बारीक तारेची स्प्रिंग त्यांना बाहेर रेटून धरते. पायडल पुढे मारलं की खटके दात्यांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. पाय थांबवला की खटके दात्यांवरून घसरत पुढे जातात. उतारावर ऐकू येणारी टिकटिक ती हीच.

आता हे खटके अडकले नाहीत तर? आतलं ग्रीस सुकून चिकट झालं की खटके आपल्या खाचेतच रुतून बसतात. स्प्रिंग तुटली तरी तेच होतं. खटक्याची धार झिजली तर तो पकडतो, पण जोर वाढला की सुटतो. इथपर्यंत दोष फ्रीव्हीलच्या पोटातला. पण पायडल घसरण्याला फ्रीव्हीलच लागतं असंही नाही. चेन ताणली गेलेली असेल तर ती दात्यांवर चढून पुढे उडी मारते. जुन्या पद्धतीच्या क्रँकची कॉटर पिन झिजली असेल तर एका बाजूचं पायडल ढिलं पडतं आणि दर फेरीला टक् असा धक्का बसतो. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. हबच्या ॲल्युमिनियमचे आटे उडाले तर अख्खं फ्रीव्हील जागच्या जागी फिरतं आणि चाकाला पत्ताही नसतो. तक्रार घेऊन येणारा माणूस मात्र या सगळ्यासाठी एकच वाक्य बोलतो: पायडल स्लिप मारतंय.

न्यायसूत्रकार गौतमाला नेमका हाच आक्षेप ऐकावा लागला होता. नदीला पूर आलेला दिसला की वरच्या खोऱ्यात पाऊस झाला असं अनुमान करावं, हे नैयायिकांचं आवडतं उदाहरण. आक्षेप घेणारा म्हणतो, कशावरून? पाणी कुठे अडवलं गेल्यामुळेही नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणता, पण त्यांचं वारूळ कोणी मोडलेलं असू शकतं. मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणता, पण माणूसही तशी नक्कल करतो. एका परिणामाला अनेक कारणं असू शकतील तर परिणामावरून कारण सांगणं ही निव्वळ थाप ठरते.

पुणेकरांना या आक्षेपाचं वजन वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी मुठेला पूर आला. पावसाळा होता, पाऊस होताच. पण शहरात घुसलेलं पाणी पानशेतचं धरण फुटल्यामुळे आलं होतं, आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही. नदी फुगली म्हणजे वर पाऊस जोराचा झाला, एवढ्यावरच थांबणारा माणूस त्या दिवशी कारणाच्या बाबतीत साफ चुकला असता.

गौतमाचं उत्तर, आणि त्यावरचं वात्स्यायनाचं भाष्य, फार व्यवहारी आहे. पूर आणि पूर यांत फरक असतो, ते म्हणतात. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो. त्यात फळं, पानं, लाकडं वाहत येतात. अडवलेल्या पाण्याची फुगी तशी दिसत नाही. ज्यानं नुसतं ‘पाणी वाढलं’ एवढंच पाहिलं, त्याचं अनुमान चुकलं तर दोष अनुमानाचा नाही, पाहणाऱ्याचा आहे. परिणाम नीट पाहिला तर तो आपल्या कारणाची खूण अंगावर घेऊनच आलेला असतो.

कसलेला सायकल मिस्त्री हेच करतो. ‘स्लिप मारतंय’ या वाक्यावर तो काम सुरू करत नाही. कधी मारतं, असं विचारतो. चढावर, की सपाटीवरही? झटका देऊन, की गुळगुळीत? सकाळच्या गारठ्यात, की दिवसभर? चेन उडत असेल तर झटका बसतो, खडखड होते, आणि चेन दात्यांवर चढताना डोळ्यांना दिसते. खटके रुतले असतील तर काहीच आवाज होत नाही. दातेरी चकती दोन्ही दिशांना सारखीच मोकळी फिरते आणि टिकटिक गायब होते. फक्त थंडीत घसरत असेल तर संशय घट्ट झालेल्या ग्रीसवर जातो.

त्यातही खडूची एक युक्ती आहे. हबपासून फ्रीव्हीलच्या आतल्या भागावरून दातेरी चकतीपर्यंत एक सरळ रेघ ओढायची, मागचा ब्रेक घट्ट दाबायचा आणि पायडलावर भार टाकायचा. रेघ चकती आणि आतला भाग यांच्यामध्ये तुटली तर दोष खटक्यांत. आतला भाग आणि हब यांच्यामध्ये तुटली तर आटे गेले. रेघ शाबूत राहिली आणि तरीही पायडल खाली गेलं, तर मागच्या चाकाचा पिच्छा सोडून पुढे क्रँककडे वळायचं. चेनसाठी पट्टी पुरते. चांगल्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंचांत बसतात. चोविसाव्या कडीचा रिव्हेट अर्धा सूत पुढे गेला तर चेन बदलावी. पुरा सूत गेला तर चेनसोबत दातेही झिजलेले असतात, आणि तिथे नुसती नवी चेन चढवली तर ती जुनीपेक्षा जास्त उड्या मारते.

वात्स्यायनानं ‘शेषवत्’ अनुमानाचा एक अर्थ असाही दिला आहे की शक्य असलेल्या पर्यायांतून एकेक बाद करत जावं आणि जो उरेल तो स्वीकारावा. खडूची रेघ हे त्याचंच सोपं रूप. त्यात एक खोच मात्र आहे. बाद करण्याची यादी पुरी असेल तरच उरलेला पर्याय खरा ठरतो. ज्या मिस्त्रीला हबचे आटे उडू शकतात हेच ठाऊक नाही, तो प्रामाणिकपणे सगळं बाद करत चुकीच्या जागी पोचेल.

आता मोटार. विजेच्या अनेक स्वस्त सायकलींत क्रँकजवळ चुंबकांची एक चकती असते आणि तिच्याशेजारी एक सेन्सर. पायडल फिरलं की चुंबक सेन्सरसमोरून जातात, कंट्रोलरला इशारा मिळतो आणि मोटार सुरू होते. पाय किती जोरानं दाबतोय याच्याशी त्या सेन्सरला देणंघेणं नसतं. पायडल फिरतंय की नाही एवढंच त्याला कळतं. समजा मागच्या चाकात मोटार आहे आणि फ्रीव्हीलचे खटके पार निकामी झाले आहेत. माणूस पायडल मारतो, सायकल पळते. थांबतो, सायकल मंदावते. पुन्हा मारतो, पुन्हा पळते. असं हजार वेळा घडतं आणि एकदाही चुकत नाही. तरी त्याच्या पायातला रतीभर जोरही चाकापर्यंत पोचलेला नसतो.

चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशानं ‘तत्त्वचिंतामणी’त जे बजावलं, ते या सायकलीवर बसून वाचावं. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र दिसल्या एवढ्यानं त्यांच्यातला अतूट संबंध कळत नाही, असं त्याचं म्हणणं. संबंध मोडल्याचं एकही उदाहरण हाती नसावं, आणि मध्ये एखादी लपलेली अट नसावी. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. त्यांचं नेहमीचं उदाहरण आगीचं आहे. जिथे आग तिथे धूर, असं म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे आणि धूर नाही. धुराला ओलं जळण लागतं; ती अट स्वयंपाकघरात नेहमीच हजर असते म्हणून नजरेतून सुटते. विजेच्या सायकलीत मोटार ही ती अट आहे. ती बंद करून पायडल मारलं की हजार वेळच्या अनुभवाचा फुगा एका क्षणात फुटतो.

गंमत अशी की हा भ्रम म्हणजे एक जुना, गंभीर धार्मिक सिद्धांत आहे. १०९५ च्या सुमारास अल-गझालीनं तत्त्वज्ञांच्या खंडनासाठी लिहिलेल्या ग्रंथात आग आणि कापूस यांचा दाखला घेतला. कापूस आगीजवळ नेला की जळतो, हे आपण पाहतो. आगीनं जाळला, हे मात्र आपण पाहत नाही. ते आपण जोडतो. गझालीच्या मते जाळणारा ईश्वर. आगीचा स्पर्श ही फक्त वेळ, निमित्त. सतराव्या शतकात फ्रान्समधला पाद्री मालब्रांश याच मुद्द्यावर आला आणि त्यानं तो टोकाला नेला: माणूस हात उचलायची इच्छा करतो, हात उचलतो तो ईश्वर. पायडल आणि सेन्सर यांची जोडी ही मालब्रांशच्या विश्वाची चालती प्रतिकृती आहे. पाय इशारा देतो, चाक दुसराच कोणी फिरवतो, आणि स्वाराला वाटतं की आपणच सायकल चालवतोय. भक्तिपरंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला हा विचार परका वाटणार नाही; करता करविता तो, आपण निमित्तमात्र, हे इथे रोजच्या बोलण्यात आहे.

फरक पडतो तो मोटारीच्या स्विचमुळे. सायकलीवर हा सिद्धांत खरा की खोटा ते ठरवता येतं, कारण एक शक्ती बंद करून दुसरी एकटी तपासता येते. मागचं चाक स्टँडवर उचलावं. मोटार बंद करून पायडल फिरवावं, मग पायडल सोडून थ्रॉटल द्यावा. दोन्ही वेळा चाक फिरलं तर दोन्ही वाटा निदान भाराविना तरी शाबूत. नुसत्या मोटारीनं फिरलं आणि नुसत्या पायडलानं नाही, तर दोष पायाच्या वाटेवर. मोटार गुंगुं करते पण चाक हलत नाही, तर हबच्या आत जावं लागेल. गिअर असलेल्या हबमोटारीत स्वतःचा एक एकदिशा क्लच असतो आणि बहुधा नायलॉनचे दाते असतात, यांतलं काहीतरी गेलेलं असतं. मोटार क्रँकपाशी बसवलेल्या सायकलीत हिशेब बदलतो. तिथे पायाचा आणि मोटारीचा जोर पुढेच एकत्र होतो आणि दोघांची मिळून एकच चेन, एकच फ्रीव्हील असतं. दोन्ही घसरत असतील तर कारण त्या संगमाच्या खाली शोधायचं. फक्त पायडल घसरत असेल तर संगमाच्या वर. अशा सायकलीचं मागचं फ्रीव्हील लवकर झिजतं, यातही नवल नाही. दोघांचा भार एकटं वाहतं ते.

जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात याला भेदाची रीत म्हटलं: बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट काढायची आणि काय बदलतं ते पाहायचं. आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक ही जोडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. हे असताना ते असणं हा अन्वय, हे नसताना ते नसणं हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर माणूस आयुष्यभर फसू शकतो, हे त्या सेन्सरनं दाखवून दिलंच. कारणाचा कस लागतो तो काहीतरी काढून घेतल्यावर.

वैद्यांनी यातली आणखी एक पायरी ओळखली होती. चरकसंहितेत रोगज्ञानाच्या पाच साधनांत उपशय हे एक आहे. ज्या रोगाची लक्षणं गूढ आहेत, तो उपचाराला कसा प्रतिसाद देतो यावरून ओळखावा. फ्रीव्हील रॉकेलनं धुऊन पातळ तेलाचे दोन थेंब सोडणं हा तसलाच उपशय. खटके मोकळे झाले, टिकटिक परत आली, की ग्रीसच दोषी होतं असं म्हणून मंडळी हात पुसतात. पण इथे सावध राहायला हवं. दोनांपैकी एका खटक्याची स्प्रिंग तुटलेली असेल तरी तेलानं तो काही दिवस सैल हलतो, कधी पकडतो, कधी नाही. गुण आला म्हणजे निदान बरोबर होतं, हे दवाखान्यात जितकं घाईचं, तितकंच सायकलच्या दुकानात. अंगाऱ्यानं ताप उतरल्याचे अनुभव ज्या तर्कावर उभे असतात, तो तर्कही हाच.

आणि काही वेळा निखळ युक्तिवाद सरळ उलट्या जागी नेतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे पायडल बदलणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. का उलटे? सुचणारं उत्तर असं की पायडल फिरताना छर्ऱ्यांच्या घर्षणानं दांडा ओढला जातो, तो ढिला होऊ नये म्हणून. प्रत्यक्षात घर्षण जिकडे ओढतं त्या दिशेनं तर पायडल सुटायलाच हवं. आटे आहेत ते दुसऱ्याच एका हालचालीसाठी. क्रँकच्या भोकात दांडा किंचित सैल असतो, आणि भाराची दिशा फिरत राहिली की तो भोकाच्या कडेवर हळूहळू उलट्या बाजूला गडगडत जातो. ही हालचाल घर्षणापेक्षा जोरकस असते, म्हणून पायडल घट्ट राहतं. छर्रे जाम झाले की मात्र घर्षण जिंकतं आणि पायडल आपोआप उकलून हातात येतं. हेतू पटण्यासारखा, आणि निष्कर्ष नेमका त्याच्या विरुद्ध. नैयायिकांनी हेत्वाभासांत, म्हणजे फसव्या हेतूंत, ‘विरुद्ध’ नावाचा एक प्रकार वेगळा काढून ठेवला आहे, तो उगाच नाही.

आता मोठा प्रश्न. दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले. त्यांची ‘न्यायकुसुमांजली’ म्हणजे ईश्वर तर्कानं सिद्ध करण्याचा भारतीय परंपरेतला सर्वांत ताकदीचा प्रयत्न. त्यातला एक प्रमुख हेतू असा: घट हे कार्य आहे, त्याला कर्ता लागतो, पृथ्वी वगैरेही कार्य आहे, तेव्हा तिलाही जाणता कर्ता असलाच पाहिजे. उदयनांबद्दल एक दंतकथा पंडितांत आवडीनं सांगितली जाते. ते पुरीला गेले तेव्हा जगन्नाथाचं दार बंद होतं. तेव्हा ते देवाला खडसावून म्हणाले, ऐश्वर्याच्या मदात माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध चालून आले की तुझं अस्तित्व माझ्याच हाती आहे. विठोबाशी हक्कानं भांडणाऱ्या संतांच्या प्रांतात ही कथा लगेच जवळची वाटते. फक्त संत भांडले ते देव भेटत नाही म्हणून. देव आहे हे सिद्ध करायच्या भानगडीत ते फारसे पडले नाहीत.

उदयनांच्या अनुमानाला सर्वांत मार्मिक उत्तर नास्तिकांकडून आलं असं कोणी समजू नये. ते रामानुजांकडून आलं. श्रीभाष्यात ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच पादात त्यांनी नैयायिकांच्या या सिद्धतेची चिरफाड केली आहे. राजवाडे, रथ अशी मोठी कार्यं अनेक कर्ते मिळून करतात. मग एवढं मोठं जग एकानंच केलं हे कशावरून? सगळं एकाच वेळी निर्माण झालं, हे तरी कोणी पाहिलं? आणि कुंभारावरून निष्कर्ष काढायचा तर कुंभाराला शरीर असतं, अडचणी असतात. मग तेही ईश्वराला लावा. रामानुजांचा निष्कर्ष असा की ईश्वर शास्त्रावरून कळतो, अनुमानावरून नाही. सहा-सात शतकांनंतर डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये, छापल्या गेलेल्या संवादांत जवळजवळ हेच आक्षेप सापडतात, आणि तिथे चक्क एक कारागीरही येतो. जहाज पाहून सुताराच्या बुद्धीचं कौतुक करावं, आणि मग कळावं की तो सामान्य कारागीर होता, पिढ्यान् पिढ्यांच्या चुका आणि दुरुस्त्यांतून बनत आलेल्या नमुन्याची त्यानं नक्कल केली होती. श्रीवैष्णव आचार्य आणि स्कॉटिश संशयवादी एकाच भोकात बोट घालतात, हा योगायोग तत्त्वज्ञानाच्या इतिहासकारांनी अधिक चघळायला हवा.

ह्यूमनं आणखी एक गोष्ट विचारली: तुमच्या डोळ्यांदेखत जगं घडली आहेत का? मिस्त्रीच्या भाषेत, दुसरं चाक आहे का? संशय फ्रीव्हीलवर असेल तर शेजारच्या सायकलीचं चाक काढून इथे लावता येतं. चाकातली मोटार बंद करता येते. विश्वाचा स्विच कुठे आहे? कर्ता नसलेलं एक विश्व बाजूला ठेवून त्याच्याशी हे पडताळता आलं असतं, तर उदयनांचं अनुमान निदान निदानाच्या दर्जाचं ठरलं असतं. तसं ते नाही. याचा अर्थ ईश्वर नाही असा होत नाही, आणि गझाली-मालब्रांश चुकले असाही होत नाही. त्यांच्या विश्वात व्यतिरेकाला जागाच नाही, म्हणून ते अनुमानाच्या तावडीत सापडत नाहीत आणि त्यांना अनुमानाचा आधारही मिळत नाही. ईश्वर असेल तर तो या वाटेनं तरी हाती लागत नाही, आणि हे सांगणाऱ्यांत रामानुजांसारखा भक्त अग्रभागी होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग उरते एक पळवाट, अदृष्टाची. ज्याचं कारण सापडत नाही, ते पूर्वकर्मातून साठलेल्या अदृष्टाच्या नावावर टाकायचं. वैशेषिक सूत्रांत कणादानं सुई लोहचुंबकाकडे सरकते त्या हालचालीचं कारण अदृष्ट असं सांगितलं आहे. आज तेच चुंबक क्रँकपाशी बसून सेन्सरला इशारे देतात आणि चाकातली मोटार फिरवतात. कंट्रोलर बनवणारा अदृष्टाला बिल पाठवत नाही. एक गोष्ट अदृष्टाच्या यादीतून कमी झाली. पण भर चौकात, सिग्नल सुटल्यावर, पायडल नेमकं त्याच क्षणी घसरलं आणि माणूस पडला, तर घरची माणसं स्प्रिंगचं स्पष्टीकरण ऐकून घेतात आणि तरी विचारतात, यालाच का, आजच का? त्या प्रश्नाला फ्रीव्हीलच्या पोटात उत्तर नाही. खंडेनवमीला पाने-हातोड्यांची पूजा करणारा, सायकलीला झेंडूची माळ घालणारा मिस्त्रीही दुसऱ्या दिवशी स्प्रिंग शोधताना स्प्रिंगच शोधतो. दोन्ही प्रश्न त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेले असतात.

ही वाटणी तत्त्वज्ञानात कोणी केली असेल तर ती पुरंदर नावाच्या चार्वाकानं. चार्वाक म्हणजे अनुमान मुळीच न मानणारे, ही त्यांची ठोकळेबाज ओळख माधवाच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’नं रूढ केली; पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी १९२४ साली काढलेल्या त्या ग्रंथाच्या आवृत्तीवर महाराष्ट्रातले कितीतरी अभ्यासक पोसले गेले. पुरंदराचं म्हणणं अधिक मवाळ होतं. लोकव्यवहारात चालणारं अनुमान चार्वाकालाही मान्य आहे; त्या व्यवहाराची हद्द ओलांडून परलोक, अदृष्ट यांच्याकडे जाणारं अनुमान नाही. धुरावरून आगीकडे जा, टिकटिक बंद झाली म्हणून खटक्याकडे जा. पुढे जाऊ नका, कारण तिथे पडताळा नाही. उदयनांनी संशयवाद्यांना सुनावलं होतं की संशयालाही मर्यादा असते. रोज भूक लागली की जेवणारा माणूस अन्न आणि तृप्ती यांच्या संबंधाबद्दल शंका काढतो तेव्हा त्याची कृतीच त्याला खोटं पाडते. पुरंदराला हे उत्तर लागूच पडत नाही. तो जेवणाबद्दल शंका काढतच नव्हता.

फ्रीव्हील उघडायचं ठरलं तर बाहेरच्या झाकणरिंगचे आटेही उलटे असतात. नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवत बसलं तर ती आणखी आवळते. हबमोटारीत त्याआधी आणखी एक अडचण येते. मोटारीचा आस नेहमीपेक्षा जाड, त्यामुळे फ्रीव्हील काढायचं साधं हत्यार त्यावर चढत नाही. मोठ्या भोकाचं मिळवावं लागतं. झाकण निघालं की बारीक छर्रे टेबलभर सांडतात, म्हणून खाली फडकं अंथरायचं. आणि आत सापडतं ते बहुतेकदा असं: एक खटका ठीक, दुसऱ्याची स्प्रिंग तुटलेली, दोन्हींवर काळं पडलेलं ग्रीस. म्हणजे कारणं दोन होती, आणि तेलानं आलेला गुण त्यांतल्या एकाचाच होता. हे इतकं उघडून पाहायला आता फार थोड्यांकडे वेळ असतो. नवं फ्रीव्हील स्वस्तात मिळतं, जुनं भंगारात जातं, सायकल धावायला लागते आणि नेमकं काय बिघडलं होतं ते कोणालाच कळत नाही. पुरंदराची याला हरकत नसती. वात्स्यायनाची असती.